बिल्ड फेल झाला, पण नेमका कुठे? लॉगमधली वेगळी ओळ शोधताना

(या भागाचं हे संपादित शब्दांकन आहे. बोलताना झालेले अडखळे आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. विषय ऐकून तुम्ही पुढचा भाग लावाल अशी भीती आहे, पण थांबा जरा. विषय आहे फेल झालेल्या पॅकेज बिल्डचा लॉग. म्हणजे ती हजारो ओळींची टेक्स्ट फाइल, जी आपण उघडतो, एकदम तळाशी जातो, काहीच कळत नाही, आणि मग "परत चालवून बघू" म्हणतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण आजचा सगळा भाग त्या चुकीवर उभा आहे.

शुक्रवारची संध्याकाळ

आमच्या टीमकडे काही आरपीएम पॅकेजेस होती. त्यातल्या एका सी लायब्ररीचा बिल्ड शुक्रवारी संध्याकाळी फेल झाला आणि सोमवारी रिलीज. लॉग साधारण चाळीस हजार ओळींचा. तळाशी गेलो, तिथे लिहिलेलं: बॅड एक्झिट स्टेटस, आणि कंसात 'चेक'. म्हणजे कंपाइल व्यवस्थित झालं होतं, टेस्टच्या टप्प्यावर गाडी अडकली होती. वर सरकत गेलो तर एकच टेस्ट पडलेली. झेडस्टँडर्ड पद्धतीने कॉम्प्रेस केलेली फाइल उघडून वाचायची, एवढंच तिचं काम.

आता ही टेस्ट त्याआधीही दोनदा उगाच पडली होती, आणि परत चालवल्यावर पास झाली होती. या वेळी परत चालवली, तरी पडली. रात्रीचे दहा वाजून गेलेले. मी काय केलं? स्पेक फाइलमध्ये ती टेस्ट वगळली, शेजारी कॉमेंट टाकली "फ्लेकी, नंतर बघू", बिल्ड हिरवा झाला, आणि मी घरी गेलो.

सोमवारी दुपारी दुसऱ्या टीमचा फोन. त्यांच्या जुन्या बॅकअप फाइल्स उघडेनात. सगळ्या झेडस्टँडर्डच्या. टेस्ट खरं बोलत होती, मी तिचं तोंड बंद केलं होतं.

खरी चूक लॉगमध्येच होती. पण तळाशी नाही, साधारण दोन हजाराव्या ओळीच्या आसपास. कॉन्फिगर स्क्रिप्टच्या त्या लांबलचक यादीत एक ओळ होती: "चेकिंग फॉर झेडएसटीडी... नो". रोज तिथे "येस" असायचं. लायब्ररी सापडली नाही, तर स्क्रिप्टने गुपचूप ते फीचर बंद केलं आणि पुढे निघाली. ना एरर, ना वॉर्निंग.

एरर शोधा म्हणजे सापडेल, असं नसतं

जे पॅकेजिंग करत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फेडोरासारख्या डिस्ट्रिब्युशनमध्ये पॅकेज आपल्या लॅपटॉपवर थेट बिल्ड करत नाहीत. मॉक नावाचं टूल एक कोरं, बंदिस्त वातावरण तयार करतं, त्यात लागणारी पॅकेजेस बसवतं आणि मग आत बिल्ड चालवतं. त्यातून एकापेक्षा जास्त लॉग निघतात. रूट लॉगमध्ये वातावरण कसं तयार झालं ते असतं, बिल्ड लॉगमध्ये प्रत्यक्ष कंपाइल आणि टेस्ट, आणि बसवलेल्या पॅकेजेसची वेगळी यादी. बहुतेक जण फक्त बिल्ड लॉग उघडतात. मीही तेच केलं होतं.

त्यात आपण शोधतो काय? "एरर" हा शब्द. फेडोराच्या नेहमीच्या कंपायलर फ्लॅग्जमध्ये "डब्ल्यू-एरर इक्वल्स फॉरमॅट-सिक्युरिटी" असा एक फ्लॅग आहे. म्हणजे प्रत्येक सी फाइल कंपाइल होताना जी कमांड लॉगमध्ये छापली जाते, तिच्यात "एरर" हा शब्द असतोच. वर "एरर डॉट सी" नावाच्या फाइल्स, "स्ट्रएरर आहे का" असल्या तपासण्या. बिल्ड अगदी छान पास झाला तरी "एरर" हजार वेळा सापडतो.

दुसरं, तळाची ओळ हा परिणाम असतो, कारण नव्हे. मेक एकाच वेळी आठ-दहा जॉब चालवतं. एक पडला की बाकीचे लगेच थांबत नाहीत, "वेटिंग फॉर अनफिनिश्ड जॉब्स" म्हणत आपापलं काम पुरं करतात आणि त्यांचं आउटपुट खऱ्या एररच्या खाली साचतं. त्यामुळे खरा एरर कधी तीनशे ओळी वर असतो, आणि माझ्या केसमध्ये तर अडतीस हजार ओळी वर होता, तोही एररच्या वेषात नाही.

सोसायटीचा वॉचमन

मंगळवारी आमच्या एका सीनियर ताईंनी मला एवढंच विचारलं, "अरे, गुरुवारचा पास झालेला लॉग शेजारी ठेवून बघितलास का?"

नव्हता बघितला. आणि हाच आजचा मुद्दा आहे. फेल झालेल्या लॉगमध्ये "वाईट" काय आहे ते शोधू नका, "वेगळं" काय आहे ते शोधा. यालाच अ‍ॅनोमली डिटेक्शन म्हणतात.

सोसायटीचा जुना वॉचमन आठवा. त्याच्याकडे चोरांची यादी नसते. त्याला फक्त रोजचं माहीत असतं. साडेपाचला दूधवाला, सहाला पेपरवाला, सातला स्कूल व्हॅन. या सगळ्याकडे तो मान वर करूनही बघत नाही. अनोळखी माणूस आला की मात्र उठतो. पास झालेले लॉग म्हणजे त्याचं हे "रोजचं". त्याला बेसलाइन म्हणतात.

मग दोन लॉग घेऊन सरळ डिफ मारायचा का? मी मारला. जवळजवळ सगळ्याच ओळी वेगळ्या निघाल्या! प्रत्येक ओळीला टाइमस्टॅम्प, टेम्पररी फाइल्सची नावं वेगळी, टेस्टला लागलेला वेळ वेगळा, आणि जॉब समांतर चालल्यामुळे ओळींचा क्रमसुद्धा वेगळा.

पण वॉचमन काय करतो? रोज डिलिव्हरीवाला वेगळा येतो, चेहरा नवा असतो, तरी वॉचमन प्रत्येकाला पाहून उठत नाही. तो टी-शर्ट आणि पाठीवरची बॅग बघतो. चेहरा सोडून द्यायचा, गणवेश बघायचा. लॉगचंही तसंच करायचं.

चेहरा पुसा, गणवेश ठेवा

पहिली पायरी मास्किंग. वेळ, तारीख, हेक्साडेसिमल पत्ते, प्रोसेस आयडी, टेम्पररी फाइलच्या नावातली ती यादृच्छिक अक्षरं, सेकंदांचे आकडे, हे सगळं रेग्युलर एक्स्प्रेशनने ठरावीक खुणांनी बदलायचं. "पार्सर टेस्ट पास, ०.४३ सेकंद" आणि "पार्सर टेस्ट पास, ०.५१ सेकंद" या दोन्हींची मग एकच ओळ होते: "पार्सर टेस्ट पास, आकडा सेकंद".

दुसरी पायरी टेम्प्लेट काढणं. प्रत्येक बदलत्या गोष्टीसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहीत बसणं शक्य नाही, म्हणून इथे अल्गोरिदम लागतो. त्यातला खूप वापरला जाणारा म्हणजे ड्रेन, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. कल्पना साधी आहे. नवी ओळ आली की आधी तिच्यात शब्द किती ते बघायचं. मग सुरुवातीचे शब्द बघून झाडाच्या एका फांदीवर जायचं. त्या फांदीवर जे गट आधीपासून आहेत, त्यांच्याशी किती शब्द जागच्या जागी जुळतात ते मोजायचं. पुरेसे जुळले तर ओळ त्या गटात, आणि जिथे शब्द वेगळा पडला तिथे चांदणी. नाही जुळले तर नवा गट. झाडाची खोली ठरलेली असल्यामुळे हे काम फार पटकन होतं, आणि आधी ट्रेनिंग वगैरे लागत नाही. हजारो ओळींचे काहीशे गट होतात.

तिसरी पायरी तुलना. आजच्या लॉगमधले कोणते गट बेसलाइनमध्ये कधीच नव्हते? तेवढेच दाखवायचे, लॉगमध्ये जे आधी आलं ते आधी, आणि प्रत्येकाच्या आजूबाजूच्या दोन-चार ओळींसकट.

याच कामाची दुसरी वाट लॉगरिड्यूस नावाच्या ओपन सोर्स टूलने घेतली. तिथे प्रत्येक ओळीचा शब्दांवरून एक व्हेक्टर बनवतात आणि पास झालेल्या लॉगमधली सगळ्यात जवळची ओळ किती लांब आहे ते मोजतात. हुबेहूब ओळ आधी येऊन गेली असेल तर अंतर शून्य, कधीच तसं काही नसेल तर मोठं. ठरावीक मर्यादेपेक्षा लांबच्या ओळी तेवढ्या समोर ठेवायच्या.

पण माझी ओळ सापडली असती का?

आता खरी गंमत. हे सगळं मी नंतर मन लावून शिकलो आणि माझ्या त्या शुक्रवारच्या लॉगवर चालवून बघितलं. सापडायला हवी होती ना ती ओळ? नाही सापडली.

का? "चेकिंग फॉर अमुक, येस" अशा शेकडो ओळी असतात, काहींच्या शेवटी "येस", काहींच्या "नो". ड्रेनने बघितलं की सुरुवात सारखी आहे, शब्दसंख्या सारखी आहे. त्याने एकच गट केला: "चेकिंग फॉर चांदणी, चांदणी". लायब्ररीचं नाव चांदणीत गेलं आणि येस-नोसुद्धा. अंतर मोजणाऱ्या पद्धतीतही तेच. "येस"ची ओळ आणि "नो"ची ओळ यांच्यात एका शब्दाचा फरक, अंतर फारसं नाही, मर्यादेच्या आतच राहते. चोर डिलिव्हरीवाल्याच्या टी-शर्टमध्ये आत गेला.

म्हणजे आवाज कमी करायला जे पुसतो, त्यातच कधीकधी बातमी असते. यावर मला जमलेला उपाय अगदी साधा आहे: कॉन्फिगरच्या टप्प्यातल्या ओळींचे गट करायचेच नाहीत. फक्त मास्किंग करायचं आणि ओळ जशीच्या तशी बेसलाइनमध्ये आहे का एवढंच तपासायचं. हा भाग लॉगमध्ये बहुतेक वेळा ठरलेल्याच क्रमाने येतो, त्यामुळे इथे साधी तुलना अल्गोरिदमला मागे टाकते. कंपाइल आणि टेस्टच्या गोंधळात मात्र ड्रेन हवाच.

हा प्रॉब्लेम फक्त माझा होता असं समजू नका. २०२४ मध्ये जीसीसी १४ आला. सी भाषेतल्या काही जुन्या ढिलाया, उदाहरणार्थ डिक्लेअर न करताच फंक्शन वापरणं, ज्यावर आधी फक्त वॉर्निंग यायची, त्यावर आता थेट एरर येऊ लागला. प्रोग्रॅम फेल झाले तर ठीक, ते दिसतं तरी. पण कॉन्फिगर स्क्रिप्ट फीचर तपासते कशी? एक छोटा सी प्रोग्रॅम कंपाइल करून. जुन्या स्क्रिप्ट्समधले ते छोटे प्रोग्रॅमच ढिले लिहिलेले होते. ते कंपाइल झाले नाहीत, आणि स्क्रिप्टने अर्थ लावला की सिस्टिमवर हे फीचरच नाही. येसचं नो झालं, बिल्ड हिरवा, आणि पॅकेज अर्धवट. फेडोरामध्ये या बदलाची तयारी आधीपासून करावी लागली, ती यामुळेच. "एरर" शोधून हे कधीच सापडणार नाही. कालचा लॉग शेजारी ठेवला तरच सापडतं.

दूधवाला आला नाही

बरं, "नो" सापडलं. पण "नो" का? इथे अजून एक पायरी आहे.

आमच्या स्पेक फाइलमध्ये झेडस्टँडर्डची डेव्हल लायब्ररी लागते असं कधी लिहिलंच नव्हतं. इतकी वर्षं दुसरंच एक पॅकेज तिला सोबत ओढून आणत होतं. त्या आठवड्यात त्या पॅकेजने ती गरज काढून टाकली. झालं! आमच्या कोऱ्या वातावरणात लायब्ररी आलीच नाही.

हे बिल्ड लॉगमध्ये कुठल्याच ओळीत लिहिलेलं नाही, कारण ते न घडलेलं आहे. अनोळखी माणूस आला नव्हता, दूधवाला आला नव्हता. म्हणून तुलना दोन्ही बाजूंनी करायची: आज नवं काय आलं, आणि रोजचं काय आलं नाही. आणि बसवलेल्या पॅकेजेसच्या यादीचीही करायची. माझ्या केसमध्ये त्या यादीतल्या फरकात जेमतेम सात ओळी होत्या. सात! चाळीस हजार ओळींशी मी जिथे झुंजत होतो, तिथे उत्तर शेजारच्या फाइलमध्ये होतं.

बिघडलेली बेसलाइन

आता या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त टोचणारी बाजू. मी टेस्ट वगळल्यावर बिल्ड पास झाला. पास झाला म्हणजे त्याचा लॉग आपोआप "चांगल्या" लॉगच्या यादीत गेला. त्या दिवशी आमच्याकडे अ‍ॅनोमली डिटेक्शन चालू असतं, तर शनिवारपासून "झेडएसटीडी... नो" हेच त्याच्या दृष्टीने नॉर्मल झालं असतं. वॉचमनला मीच सांगितलं असतं की हा आपलाच माणूस आहे, सोडत जा.

म्हणून बेसलाइन निवडताना तीन नियम मी पाळतो. एक, एक नाही तर शेवटचे चार-पाच पास झालेले लॉग घ्यायचे. दोन, तेच पॅकेज, तेच आर्किटेक्चर आणि तोच डिस्ट्रो रिलीज. एक्स८६ च्या लॉगने आर्म ६४ चा लॉग तपासू नये. तीन, ज्या बिल्डमध्ये टेस्ट वगळली आहे किंवा टेस्टची संख्या कमी झाली आहे, तो लॉग कोणीतरी बघितल्याशिवाय बेसलाइनमध्ये जात नाही.

एलएलएमला देऊन टाकलं तर?

हा प्रश्न मेसेजमध्ये हमखास येणार, म्हणून आधीच घेतो. अख्खा लॉग चिकटवून "का फेल झालं सांग" असं विचारता येतं. पण लॉग फार मोठा असतो, आणि मॉडेलही आपल्यासारखंच तळाच्या ओळीला भुलतं. फेडोरा समुदायातल्या लॉग डिटेक्टिव्ह या प्रोजेक्टने म्हणूनच दोन टप्पे ठेवले: आधी ड्रेनसारख्या पद्धतीने लॉगमधले मोजके तुकडे निवडायचे, आणि मग तेवढेच तुकडे मॉडेलला देऊन स्पष्टीकरण मागायचं. शिवाय त्यांनी लोकांना आवाहन केलं की तुमचे फेल झालेले लॉग द्या, कारण असलेल्या ओळींवर खूण करा आणि उपाय दोन वाक्यांत लिहा. पॅकेजिंगचं अनुभवी ज्ञान काही मोजक्या लोकांच्या डोक्यात असतं, ते असं बाहेर येतं. मला ही कल्पना फार आवडते.

धोका मात्र लक्षात ठेवा. निवडलेल्या तुकड्यांत खरी ओळच नसेल, तरी मॉडेल गप्प बसत नाही. समोर जे आहे त्यातून पटेल अशी गोष्ट रचतं. "ही टेस्ट फ्लेकी दिसते, वगळून बघा" हा सल्ला मला त्या शुक्रवारी मॉडेलनेही दिला असता, आणि मी तो आनंदाने ऐकला असता.

उद्या ऑफिसला गेल्यावर

एवढं सगळं उभारायला वेळ नसेल, तर या चार गोष्टी करा.

पहिली, पास झालेले लॉग पुसू नका. बऱ्याच ठिकाणी फेल झालेले ठेवतात आणि पास झालेले जागा वाचवायला उडवतात. उलटं आहे हो! निदान शेवटचे पाच तरी ठेवा, पॅकेजेसच्या यादीसकट.

दुसरी, सेड वापरून आकडे आणि वेळ पुसा, सॉर्ट आणि युनिकने दोन्ही लॉग लावून घ्या, आणि कॉम कमांडने फक्त एकाच लॉगमध्ये असलेल्या ओळी काढा. मशीन लर्निंग शून्य, कमांड चार. माझी "नो"ची ओळ यात पहिल्या पंधरात होती.

तिसरी, बिल्ड फेल झाला की कॉन्फिग डॉट लॉग ही फाइलसुद्धा छापून ठेवा. "नो" का आलं, छोटा प्रोग्रॅम कंपाइल करताना नेमकं काय झालं, ते फक्त तिथेच असतं आणि वातावरण साफ झालं की फाइलही जाते.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. जे फीचर हवंच आहे ते कॉन्फिगरला स्पष्ट सांगा. "विथ झेडएसटीडी" असं मागितलं, तर नीट लिहिलेली स्क्रिप्ट लायब्ररी न मिळाल्यास तिथेच थांबते, मोठ्याने ओरडून. फेडोराचा मेसनसाठीचा मॅक्रो आपोआप ठरणारी फीचर्स सरसकट चालू करतो, ते यासाठीच. आणि स्पेक फाइलमध्ये गरज लिहा, दुसऱ्या कोणाच्या ओढण्यावर राहू नका.

आम्ही काय केलं? स्पेकमध्ये एक ओळ वाढवली, ती टेस्ट परत चालू केली, आणि माझी "फ्लेकी, नंतर बघू" ही कॉमेंट काढली. त्या कमिटमध्ये एकूण तीन ओळी बदलल्या. त्यांच्यापर्यंत पोहोचायला शुक्रवार ते मंगळवार लागला, आणि मधल्या काळात एका टीमला आपले बॅकअप गेले असं वाटत होतं.

तेव्हापासून टेस्ट वगळायची वेळ आली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: पास झालेल्या लॉगमध्ये इथे काय होतं? उत्तर माहीत नसेल तर टेस्टला हात लावत नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडेही असा एखादा शुक्रवार असेल तर नक्की कळवा, नाव न घेता सांगू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.